नगरच्या माळावर ऑलिव्ह लावू का, आणि तेल घाण्यावर निघेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नगर भागात चार एकर मुरमाड माळ, विहिरीला मार्चनंतर पाणी कमी, डाळिंब तेल्या रोगाने गेलं, आता एक नर्सरीवाला ऑलिव्हची रोपं देतोय, सोबत बायबॅकचा करार, म्हणजे फळ तोच विकत घेणार, आणि म्हणतोय की राजस्थानच्या वाळवंटात होतं तर तुमच्याकडे का नाही. तर लावू का, आणि तेल गावातल्या लाकडी घाण्यावर निघेल का?

मी बरीच वर्षं राजस्थानात बिकानेर-गंगानगर पट्ट्यात या पिकात काम केलंय, म्हणून सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा. आधी उत्तर देऊन टाकतो. झाड जगेल, छान हिरवंगार होईल, फोटो पण मस्त येतील. फळ धरेल का हा वेगळा प्रश्न आहे, आणि धरलेल्या फळातून खायच्या लायकीचं तेल निघेल का हा तिसराच. नर्सरीवाला पहिल्या प्रश्नाचं उत्तर दाखवून तिन्हीचे पैसे घेतोय. चार एकर अजिबात लावू नका.

आता कारणं. आपल्याकडचा फळबागवाला बहार म्हटलं की ताण असाच विचार करतो, डाळिंबाला पाणी तोडलं, पानगळ केली, पाणी सोडलं की फुटतंय. लिंबाचं पण तेच, हस्त बहार काय मृग बहार काय, चावी पाण्याची. त्यामुळे मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच असतो की सर, ताण देऊन ऑलिव्हचा बहार धरता येईल का. नाही येत. ऑलिव्हची चावी थंडीची आहे. मागच्या वर्षी वाढलेल्या काडीवर, पानांच्या बेचक्यात जे डोळे असतात त्यातून फुलांचे घोस यायचे की नुसतीच पालवी यायची हे हिवाळ्यात ठरतं, आणि थंडी नाही मिळाली तर डोळा झोपून राहतो किंवा सरळ पालवी काढतो. उलट जानेवारी-फेब्रुवारीत ताण दिला तर नुकसानच आहे, कारण फुलं तयार होत असताना पाणी किंवा नत्र कमी पडलं की फुलातला मादी भाग वाढतच नाही. झाड पांढरंशुभ्र फुललेलं दिसतं, लोक पेढे वाटतात, आणि ती सगळी नर फुलं असतात. एक फळ नाही.

आणि थंडी म्हणजे नुसती रात्रीची थंडी नाही, इथेच सगळे फसतात. कॅलिफोर्नियात १९६०च्या दशकात यावर बरंच काम झालं, त्यात साधारण हे कळलं की रात्री २ ते ४ अंश आणि दिवसा १५ ते १९ अंश असं वरखाली होत राहिलं की फुलं चांगली येतात, किंवा मग सतत १२-१३ अंशाच्या आसपास राहिलं तरी चालतं. पण दुपार तापली की रात्री मिळालेली थंडी बऱ्यापैकी वाया जाते. आता आपल्याकडे बघा. निफाडला ४ अंश, ५ अंश अशी बातमी दरवर्षी पेपरात येते आणि लोकांना वाटतं झालं, इस्रायल आलं. अहो पण त्याच दिवशी दुपारी किती असतं ते कोणी छापत नाही. पुण्यात जानेवारीत रात्री १०-११ आणि दुपारी ३०, नगरला जवळपास तसंच, सोलापूरला तर रात्री पण १५-१६. श्रीगंगानगरला जानेवारीत दिवसाचं सरासरी कमाल तापमानच २०च्या आसपास असतं आणि रात्री ५-६, धुकं पडलं की दोन-दोन दिवस ऊन दिसत नाही. वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मे महिना येतो. ऑलिव्हवाल्याने जानेवारी बघायचा असतो. राजस्थानात ऑलिव्हचा विचारच होऊ शकला तो तिथल्या हिवाळ्यामुळे, वाळूमुळे नाही.

राजस्थानची गोष्ट पण नीट सांगतो कारण अर्धवट ऐकलेली असते. २००७ मध्ये राजस्थान सरकारच्या कृषी पणन मंडळाने, पुण्याच्या फिनोलेक्स प्लासन कंपनीने आणि इस्रायलच्या इंडोलिव्हने मिळून एक कंपनी काढली, राजस्थान ऑलिव्ह कल्टिव्हेशन लिमिटेड. इस्रायलमधून रोपं आणली आणि जयपूरजवळच्या बस्सीपासून गंगानगरच्या बरोरपर्यंत, बिकानेरचं लूणकरणसर, नागौर, झुंझुनू, अलवर, जालोर अशा सात ठिकाणी सरकारी फार्मवर मिळून १८२ हेक्टर लागवड केली. बार्निया, आर्बेक्विना, कोरोनाइकी, कोराटिना, पिकुआल, फ्रांटोयो, पिकोलिन अशा जाती लावल्या म्हणजे काय चालतं ते कळावं. पूर्ण ठिबक, पाण्यातून खत, इस्रायली तज्ज्ञांची देखरेख, सगळं. मग अनुदान देऊन शेतकऱ्यांच्या शेतात नेलं, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये लूणकरणसरला तेल काढायचा कारखाना सुरू झाला, राज ऑलिव्ह नावाने तेल पण आलं. नंतर पानांच्या चहाचीही बरीच चर्चा झाली. पीक फळाच्या तेलाचं आणि चर्चा पानांची, यावरून काय समजायचं ते समजा. मी काही प्रयोगाला नावं ठेवत नाहीये, असा प्रयोग सरकारनेच करायला हवा होता आणि केला ते बरं केलं, त्यातून माहिती मिळाली. पण एवढी सगळी ताकद लावून, बरी थंडी असलेल्या भागात, तरीही देशात विकलं जाणारं ऑलिव्ह तेल आज जवळपास सगळं बाहेरूनच येतं. मग तुमच्या चार एकरात नर्सरीवाल्याच्या भरवशावर काय होणार?

आता दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते हा थंडीइतकाच मोठा आहे पण यावर कोणी बोलत नाही. पाऊस. लोक म्हणतात भूमध्य समुद्राकडे ४००-५०० मिलिमीटर पाऊस, आमच्याकडेही तेवढाच, म्हणजे जमलं. पाऊस तेवढाच आहे हो, पण कधी पडतो? तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, जमिनीत मुरतो, त्या ओलीवर झाड वसंतात फुलतं, आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो, त्यात फळ हळूहळू तेल भरतं. आपल्याकडे बरोबर उलटं आहे. हिवाळा कोरडा, म्हणजे फुलायच्या वेळी पाणी तुम्हालाच द्यायचंय, तेही विहीर आटत असताना. मग मार्च-एप्रिलचं ऊन, फुलं असताना ३५च्या वर गेलं की परागकण नीट रुजत नाहीत, जे काही धरलंय ते गळतं. मग मे. आणि फळात तेल भरायच्या काळात पावसाळा, दमट हवा, ढगाळ, पानावर ठिपके, मुळाशी पाणी.

चीनचा इतिहास यासाठी वाचण्यासारखा आहे कारण त्यांचाही पाऊस उन्हाळ्यातच पडतो. अल्बानियाने त्यांना ऑलिव्हची रोपं भेट दिली होती, मार्च १९६४ मध्ये पंतप्रधान चौ एन-लाय यांनी कुनमिंगजवळ स्वतःच्या हाताने झाड लावलं, आणि मग यांग्त्सेच्या खोऱ्यात कितीतरी प्रांतांत रोपं वाटली. बहुतेक ठिकाणी काही धड झालं नाही, दमट उन्हाळा आणि जड जमीन. टिकलं कुठे, तर गान्सू प्रांतात लोंगनानच्या वूडू भागात, नदीचं खोल कोरडं खोरं आहे, डोंगराआड पाऊस कमी पडतो, आणि सिचुआनमधल्या तशाच काही कोरड्या खोऱ्यांत. जपानचंही तेच. १९०८ मध्ये त्यांनी तीन प्रांतांत प्रयोग केला, मिए, कागोशिमा आणि कागावा, त्यातलं कागावाचं शोदोशिमा बेट फक्त टिकलं, कारण तिथे जपानच्या मानाने पाऊस कमी आणि ऊन जास्त. आणि तिथेही गंमत बघा, भूमध्याकडची ऑलिव्हची फळमाशी हा त्यांचा त्रास नाही, त्यांचा मुख्य शत्रू तिथलाच एक स्थानिक सोंड्या किडा आहे जो खोड पोखरतो. बाहेरचं झाड आणलं की त्याच्यासोबत त्याचे जुने रोग नाही आले तरी गावचे किडे ओळख करून घेतातच. राजस्थानात हे काम वाळवीने केलं, नवी रोपं वाळवी अशी खाते की विचारू नका.

हे सांगायचं कारण असं की न शोभणाऱ्या प्रदेशात ऑलिव्ह जिथे जिथे जमलं तिथे देश किंवा राज्य नाही जमलं, एखादं खोरं, एखादं बेट जमलं. जागा शोधावी लागते. राजस्थानातसुद्धा जालोर आणि गंगानगर हे एकच राज्य आहे म्हणून एकच हवामान आहे असं नाही, जालोरचा हिवाळा बराच उबदार. त्यामुळे "राजस्थानात होतं" हे वाक्यच मुळात चुकीचं आहे, राजस्थानात कुठे, हे विचारा.

जमिनीचं पटकन सांगतो. मुरमाड माळ असेल तर ती तुमची जमेची बाजू आहे, खरंच. ऑलिव्हला चुनखड चालते, सामू (पीएच) ८-८.५ पर्यंत चालतो, थोडं खारं पाणी पण चालतं, इस्रायलच्या नेगेव वाळवंटात रेवीवीमच्या बाजूला खाऱ्या पाण्यावर बागा आहेत. चालत नाही ते फक्त साचलेलं पाणी. काळ्या जमिनीत पावसाळ्यात चार-पाच दिवस वाफसा आला नाही की मुळं गुदमरतात, मग मूळकूज, मर, आणि पाऊस संपल्यावर एक एक फांदी वाळत जाते. तेव्हा काळ्या रानात लावायचा विचार असेल तर तो आजच सोडा, मुरमावर निदान झाड तरी राहील.

पाण्याबद्दल मात्र गैरसमज काढून टाकतो. दुष्काळात जगणारं झाड आणि दुष्काळात पीक देणारं झाड यात फरक आहे. ऑलिव्ह पाणी नसलं की पानं आखडून, वाढ थांबवून गप्प बसतं, मरत नाही, म्हणूनच तिकडे कित्येक शतकांची झाडं उभी आहेत. पण व्यापारी पीक काढणाऱ्या नव्या बागा बहुतेक ठिबकवर आहेत आणि त्यांना पाणी लागतं, खास करून फुलांच्या आधीपासून कोय टणक होईपर्यंत. तुमची विहीर मार्चनंतर कमी पडते म्हणताय, म्हणजे नेमकी त्याच वेळी.

रोपांचं. नर्सरीवाल्याला जात विचारा. नुसतं "इस्रायली व्हरायटी" म्हणाला तर तिथून उठा. छाटकलम आहे की कोयीपासून केलेलं रोप आहे ते विचारा. कोयीपासूनचं रोप जातीसारखं निघत नाही आणि फळावर यायला खूप वर्षं घेतं. कमी थंडीत त्यातल्या त्यात आर्बेक्विना आणि कोरोनाइकी फुलतात, बार्निया ही इस्रायलमध्येच शिमोन लावी यांनी निवडलेली जात आहे, ती गरम हवेला बरी. एकाच जातीची बाग लावू नका, परागीभवन वाऱ्याने होतं, मधमाशी आली काय नाही आली काय, पण बऱ्याच जाती स्वतःच्या परागावर नीट धरत नाहीत आणि उष्णतेत तर ते आणखी बिघडतं, म्हणून दोन-तीन जाती एकाआड एक पाहिजेत. आणि नर्सरीवाला जे दोन वर्षांचं डोक्याएवढं हिरवंगार झाड दाखवतो ना, ते बघून हुरळून जाऊ नका, उबदार भागात थंडीचा ब्रेकच लागत नाही म्हणून ते नुसतं वाढतच सुटतं. पालवीचा जोर हे आपल्याकडे बऱ्याचदा फुलं न येण्याचंच लक्षण असतं. त्याच्याकडे पाच-सात वर्षांचं झाड आहे का, आणि त्याला लागोपाठ दोन वर्षं फळ आलंय का, ते विचारा. लागोपाठ दोन वर्षं मुद्दाम म्हणतोय, ऑलिव्ह एक वर्ष देतं आणि एक वर्ष रुसतं, फळातल्या बिया पुढच्या वर्षीच्या डोळ्यांना फुलू देत नाहीत आणि लागलेल्या वर्षी नवी काडीही कमी वाढते, त्यामुळे एका वर्षाचा फोटो काही सिद्ध करत नाही.

आता तेलाकडे येतो, माझ्या आवडीचा भाग.

लाकडी घाण्यावर निघेल का, तर नाही. घाणा आहे कोरड्या बियांसाठी, शेंगदाणा, करडई, तीळ. ऑलिव्हचं तेल बियांतून नाही, गरातून येतं, आणि त्या फळात निम्म्याहून जास्त पाणी असतं. म्हणजे तुम्ही ज्या मालातून तेल काढताय तो फळाचा रस आहे असं समजा. घाण्यात टाकलात तर पाणी, गर, तेल यांचा चिखल होईल आणि त्यातून तेल वेगळं होणार नाही, होईपर्यंत आंबून जाईल. याची पद्धत वेगळी असते. फळं धुवायची, पानं काड्या काढायच्या, कोयीसकट दळायची, कोय काढायची गरज नाही. मग ती लगदी संथपणे अर्धा-पाऊण तास ढवळत ठेवायची, कारण दळल्यावर तेल बारीक बारीक थेंबांत असतं, ढवळल्याने ते एकमेकांना चिकटून मोठे थेंब होतात. मग आडव्या डिकँटरमध्ये, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या ड्रममध्ये, तेल एकीकडे आणि चोथा-पाणी दुसरीकडे. मग उभ्या सेपरेटरमध्ये राहिलेलं पाणी काढायचं, गाळायचं, स्टीलच्या टाकीत हवा न लागता, उजेड न लागता ठेवायचं. तासाला ५० किलो दळणाऱ्या छोट्या मशिनी पण मिळतात, पण त्यांची किंमत लाखांमध्ये जाते आणि वर्षातले जेमतेम काही दिवस चालतात.

ढवळताना लगदी २७ अंशाच्या वर जाऊ द्यायची नसते. कोल्ड एक्स्ट्रॅक्शन असं बाटलीवर लिहायचं असेल तर हीच मर्यादा. आता आपल्या उन्हात तोडलेलं फळच ३५ अंशाचं असतं, दळल्यावर आणखी गरम होतं. तिकडे नोव्हेंबरच्या थंडीत लगदी गरम करावी लागते, आपल्याकडे थंड करावी लागेल. म्हणून उष्ण भागात तोडणी पहाटे किंवा रात्री करतात आणि फळ सावलीत, हवेशीर क्रेटमध्ये ठेवतात, पोत्यात कधीच नाही. पोत्यात भरलं की आतलं फळ दबतं, गरम होतं, आंबतं, आणि त्या तेलाला जो वास येतो तो नंतर कशानेच जात नाही.

वेळ हा सगळ्यात मोठा हिशोब. तोडल्यापासून २४ तासांच्या आत दळलं पाहिजे असं पुस्तकात लिहितात, आपल्या उष्णतेत मी म्हणेन तितकेही तास नाहीत, त्याच दिवशी. एक्स्ट्रा व्हर्जिन, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचं, म्हणायचं तर मुक्त आम्लता ०.८ टक्क्याच्या आत, पेरॉक्साइड (हवा लागून तेल किती खराब झालं त्याचं माप) २० च्या आत आणि चव-वासात एकही दोष नको. फळ फुटलं, डागाळलं, ढिगात राहिलं की आम्लता चढते. आता सांगा, नगरहून लूणकरणसरला ट्रक किती तासात जाईल? म्हणजे ज्याच्या शेजारी मिल नाही त्याचं ऑलिव्ह तेलाचं पीक नाहीच, आणि ज्याच्या शेजारी पुरेशी झाडं नाहीत तिथे मिल कोणी टाकत नाही. चार एकर या दोन्हीच्या मधे अडकतात.

आणखी एक त्रास जो तिकडच्या पुस्तकांत तळटीपेत असतो आणि आपल्याकडे मुख्य असतो. पावसात किंवा भरपूर पाण्यावर वाढलेल्या फळात पाणी जास्त असतं. अशा फळाची लगदी सायीसारखी होते, तेल पाण्यात असं मिसळून बसतं की डिकँटरमधून ते चोथ्यासोबतच निघून जातं. प्रयोगशाळेत फळात १४ टक्के तेल दाखवतात आणि मिलमधून त्याच्या निम्म्याच्या आसपास हातात येतं, अशी भांडणं मी डोळ्यांनी बघितलीत, शेतकरी म्हणतो मिलवाल्याने तेल चोरलं. चोरलेलं नसतं, चोथ्यात गेलेलं असतं. यावर लगदीत खाण्याच्या दर्जाची टाल्क पावडर घालतात, ढवळायचा वेळ वाढवतात, थोडं कोरडं फळ आणतात म्हणजे तोडणीआधी पाणी तोडतात. पण पावसाला कोण तोडणार.

आणि समजा हे सगळं जमलं, तरी उष्ण हवेतलं तेल वेगळंच बनतं. तेल भरायच्या काळात उष्णता जास्त असली की तेलाचं प्रमाण कमी होतं आणि त्यातलं ओलेइक आम्लही कमी होतं, ज्याच्यासाठी लोक हे महागडं तेल घेतात. अर्जेंटिनात काटामार्का, ला रिओहा या उष्ण प्रांतांत हे चांगलंच दिसलंय, स्पेनमध्ये ७० टक्क्यांच्या पुढे ओलेइक देणारी आर्बेक्विना तिकडे पन्नाशीच्या घरात उतरते, आणि ऑलिव्ह तेलासाठी आंतरराष्ट्रीय नियमात कित्येक वर्षं किमान ५५ टक्के धरलेलंय. म्हणजे गंमत अशी की तुमच्याच शेतातलं, तुमच्याच समोर काढलेलं अस्सल तेल लॅबमध्ये भेसळीचं ठरू शकतं. बार्नियाचीही अशीच एक अडचण आहे, तिच्या तेलात कॅम्पेस्टेरॉल नावाचा घटक ४ टक्क्यांच्या मर्यादेच्याही वर जातो, ऑस्ट्रेलियात ही जात भरपूर आहे म्हणून त्यांनी २०११ मध्ये स्वतःचा मानक करताना मर्यादा ४.८ ठेवली. हे सगळं बायबॅक करारात लिहिलेलं असतं का? "मान्य दर्जाचं फळ" एवढंच लिहिलेलं असतं, आणि दर्जा ठरवणारा तोच.

पैशाचा हिशोब कागदावर करून बघा, मी आकडे मुद्दाम चांगले धरतो. ७ बाय ४ मीटरवर लावलं तर एकरी साधारण १४५ झाडं. सातव्या-आठव्या वर्षी, सगळं जमून आलं तर झाडाला सरासरी १५ किलो फळ, म्हणजे एकरी २,१७५ किलो. मिलमधून हातात १० टक्के धरा, २१७ किलो तेल, लिटरमध्ये २३५-२४०. हे चांगल्या वर्षाचं, पुढच्या वर्षी निम्मं पण येणार नाही. तोडणी हाताने, एक माणूस दिवसभरात किती तोडेल आणि मजुरी काय जाते ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. आधीची तीन-चार वर्षं उत्पन्न शून्य. आणि हे सगळं फुलं येतात असं गृहीत धरून, जे नगरला मला दिसत नाही.

मग भारतात ऑलिव्हला जागाच नाही का, तर आहे, डोंगरात आहे. जम्मू-काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या खालच्या टेकड्यांवर काहू नावाचं जंगली ऑलिव्ह आपोआप वाढतं, ती याच प्रजातीची उपजात आहे, त्यावर चांगल्या जातीचं कलम करता येतं. जम्मूकडच्या रामबनला, काश्मीरमधल्या उरीला फलोत्पादन खात्याच्या बागा आहेत, तेल निघतं. पलीकडे पाकिस्तानात पोटोहारच्या पठारावर चकवालच्या आसपास तर मोठी लागवड झालीय, तिथे हिवाळा थंड, पाऊस थोडा हिवाळ्यातही पडतो. जंगली भाऊबंद जिथे स्वतःहून राहतात तिथे पाहुण्याची सोय होते. आपल्या सह्याद्रीत पण ऑलिव्हच्या कुळातलं पारजांब आहे, पण ते भर पावसाचं जंगली झाड, त्याला बघून काही ठरवू नका. तसं म्हटलं तर जाई, मोगरा, पारिजातक सगळे याच कुळातले, म्हणून अंगणात पारिजातक आहे तर ऑलिव्ह पण येईल असं होत नाही.

तरीही हौस असेल तर, आणि हौस असायला हरकत नाही, दहा-बारा झाडं लावा. तीन जाती, आर्बेक्विना, कोरोनाइकी, बार्निया, माळाच्या वरच्या अंगाला जिथे पाणी थांबत नाही, उंच गादीवर, वाळवीचा बंदोबस्त करून. नत्र हात राखून द्या, पावसाळ्यानंतर तर नकोच, नाहीतर हिवाळ्यात पण पालवी काढत बसेल. छाटणीत मधला भाग मोकळा ठेवा पण मागच्या वर्षीच्या काड्या सरसकट उडवू नका, फळ त्यांच्यावरच येतं. आणि तेलाचं विसरून लोणच्याचा विचार करा. झाडावरचं फळ तोंडात टाकाल तर थुंकून द्याल इतकं कडू असतं, पण मिठाच्या पाण्यात काही महिने मुरवलं, पाणी बदलत राहिलं की कडूपणा जातो, मिल लागत नाही, डिकँटर लागत नाही, आणि थोड्या फळातही काम होतं.

आणि चार एकराचं ठरवण्याआधी एक करा, कमाल-किमान तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर आणा, शेतात सावलीत टांगा, डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रोजचे दोन्ही आकडे वहीत लिहा. दुपारचा आकडा २०च्या खाली किती दिवस राहिला ते मोजा. माझा अंदाज आहे एका हाताच्या बोटांवर मावेल. ती वही घेऊन नर्सरीवाल्याकडे जा आणि करारात एवढंच वाक्य टाकायला सांगा की पाचव्या वर्षी फुलं नाही आली तर रोपांचे आणि ठिबकचे पैसे परत. सही करतो का बघा. मुरमाड माळावर कमी पाण्यात काय लावायचं हा तुमचा खरा प्रश्न असेल तर सीताफळ, आवळा, चिंच यांचं गणित मांडून देतो, विहिरीची खोली आणि उन्हाळ्यातलं पाणी किती तास चालतं ते कळवा.